समुद्राचे प्रवाह मंदावले तर सीओटू जास्त मुरतो की कमी? दोन्ही वाचलंय, डोकं फिरलंय

टेकडीवरून

नमस्कार मंडळी,

विषय जरा आडवळणाचा आहे पण इथे पाषाणच्या संशोधन संस्थांमधली बरीच जनता गुपचूप वाचत असते हे माहितीये म्हणून टाकतोय. परवा आमच्या सोसायटीत (बावधन) गच्चीवर सोलर बसवायची मीटिंग होती, त्यात कोटेशन राहिलं बाजूला आणि गाडी भलतीकडेच गेली, एक ज्येष्ठ सभासद म्हणाले की एवढा खर्च कशाला, सीओटू काय समुद्र पिऊन टाकतो. त्यावर दुसरे म्हणाले की समुद्राचे प्रवाह मंद होतायत, आता तो पिणार नाही. झालं, सोलर पुढच्या मीटिंगवर गेलं, बाकरवडी संपली, सगळे घरी.

मी आपला घरी येऊन वाचत बसलो. एका ठिकाणी लिहिलंय की अटलांटिकमधला तो मोठा प्रवाह मंदावला तर समुद्रात कार्बन साठणं कमी होईल. पटलं. दुसरीकडे लिहिलंय की २००० नंतरच्या दशकात समुद्राची उलथापालथ मंदावली आणि म्हणून समुद्राने जास्त सीओटू घेतला. म्हणजे?? दोन्ही एकाच वेळी खरं कसं असेल? आणि अजून एक, समुद्रात आधीच इतका कार्बन आहे म्हणतात तर त्यातला माणसाने टाकलेला कोणता हे ओळखतात कसं, त्यावर काय शिक्का मारलेला असतो का. आणि आपल्या अरबी समुद्राचं काय, का सगळी गंमत तिकडे ग्रीनलंडलाच?

मी मेकॅनिकलवाला आहे, समीकरणं चालतील, पण नुसते शब्दांचे बुडबुडे नकोत.

अर्धवट_पुणेकर

सोलर बसवा हो. समुद्राचं समुद्र बघून घेईल. आमच्याकडे मीटर बदलून मिळायला जे थांबलोय त्यात एखादा हिमयुग येऊन जाईल.

खारट

@टेकडीवरून, दोन्ही बरोबर आहे. दोघं वेगळ्या कार्बनबद्दल आणि वेगळ्या मुदतीबद्दल बोलतायत एवढंच. जरा सविस्तर लिहितो, आज सुट्टी आहे.

आधी ज्येष्ठ सभासदांचं उरकून टाकू. कोळसा, तेल, सिमेंट, जंगलतोड सगळं धरून माणूस वर्षाला साधारण ४० अब्ज टन सीओटू सोडतो. त्यातला पाव हिस्सा, १० अब्ज टनांच्या आसपास, समुद्रात जातो. जवळपास तितकाच किंवा थोडा जास्त झाडं-माती घेतात आणि उरलेला निम्मा-अर्धा हवेतच राहतो, म्हणूनच कारखानदारीच्या आधी दहा लाखांत २८० भाग असलेला सीओटू आता ४२० च्या वर गेलाय. तेव्हा "पिऊन टाकतो" हे पाव खरं.

आता मुद्दा. समुद्राच्या पोटात आधीपासून प्रचंड कार्बन आहे, साधारण ३८ हजार अब्ज टन, कारखान्यांच्या आधीच्या हवेत होता त्याच्या ५० पटींहून जास्त. हा बहुतेक सगळा खोल पाण्यात आहे कारण वरचे सूक्ष्म जीव मरून खाली पडतात, तिथे कुजतात आणि त्यांचा कार्बन खालच्या पाण्यात विरघळतो, शिवाय ध्रुवांकडचं गार पाणी खाली जाताना भरपूर सीओटू घेऊनच जातं. हा झाला जुना, निसर्गाचा कार्बन. यावर माणसाने गेल्या दोनशे वर्षांत नवा कार्बन टाकलाय. प्रवाह या दोघांना एकाच वेळी हलवतात, आणि उलट्या दिशांना हलवतात. तुमचा घोळ इथे आहे.

नव्या कार्बनचं आधी. वरच्या ५०-१०० मीटर पाण्याला हवेतल्या सीओटूशी जुळवून घ्यायला साधारण वर्षभर लागतं, म्हणजे तसं पटकनच होतं. एकदा जुळलं की ते पाणी अजून घेत नाही. पीएमपीच्या बसच्या दारात पब्लिक कोंबलेलं असतं आणि मध्ये मोकळं असतं आणि कंडक्टर ओरडत असतो पुढे सरका पुढे सरका, तसलं आहे हे. दारातून चढण्यात अडचण नाही, आत सरकण्यात आहे. आणि समुद्रात आत सरकायला, म्हणजे वरचं पाणी खोल जायला, जागा फार थोड्या आहेत. लॅब्राडोर समुद्र, ग्रीनलंड आणि नॉर्वेच्या मधले समुद्र, अंटार्क्टिकाचा काठ. बाकी दक्षिण महासागराच्या उत्तर कडेला हिवाळ्यात वरचा थर शेकडो मीटर ढवळला जातो आणि ते पाणी तिरकं होऊन मधल्या खोलीत उत्तरेकडे शिरतं, तळापर्यंत जात नाही. पण कार्बन साठवायला हा मधला रस्ता फार महत्त्वाचा.

बाकीचा समुद्र? वर कोमट हलकं पाणी, खाली गार जड पाणी, दोघं एकमेकांत फारसे मिसळत नाहीत. परिणाम असा की १९९४ पर्यंत समुद्राने माणसाचा जो कार्बन घेतला होता त्यातला निम्मा वरच्या ४०० मीटरमध्येच सापडला. समुद्राची सरासरी खोली ३,७०० मीटर आहे! उत्तर अटलांटिकचं क्षेत्रफळ जगातल्या समुद्राच्या १५ टक्के पण माणसाचा २३ टक्के कार्बन तिथे, कारण तिथे पाणी खाली जातं. प्रशांत महासागर केवढा मोठा, पण त्याच्या उत्तरेकडच्या खोल पाण्याला शेवटचं ऊन बघून हजार वर्षं उलटून गेलीत, त्याला वाफेचं इंजिनसुद्धा माहीत नाही.

तर हा प्रवाह मंदावला की नवा कार्बन खाली जाणं कमी होतं. तुमचा पहिला लेख.

आता दुसरा. जे पाणी कुठेतरी खाली जातं ते कुठेतरी वर यायला पाहिजे. सगळ्यात जास्त येतं दक्षिण महासागरात, अंटार्क्टिकाभोवती जे पश्चिमी वारे घोंघावतात ते वरचं पाणी उत्तरेकडे ढकलतात आणि त्याच्या जागी खालचं उपसून येतं. हे पाणी शेकडो वर्षं खाली होतं, म्हणजे जुन्या कार्बनने ठासलेलं. वर आलं की तो हवेत सोडायला बघतं. उपसा जोरात चालला की जुना कार्बन जास्त बाहेर, मंद चालला की कमी बाहेर. १९९० च्या दशकात समुद्राच्या वरच्या हजारेक मीटरमधली उलथापालथ जोरात होती, जुना कार्बन जास्त निसटला आणि निव्वळ शोषण अडखळलं. २००० नंतर ती मंदावली, जुना कार्बन खालीच अडकून राहिला आणि निव्वळ शोषण वाढलं. २०१७ साली 'नेचर'मध्ये टिम डीव्रीज आणि सहकाऱ्यांचा पेपर आहे यावर, तुम्ही वाचलेलं बहुधा त्याच्यावरूनच लिहिलेलं असणार.

गंमत अशी की उपसून वर आलेलं हेच पाणी माणसाच्या कार्बनच्या बाबतीत कोरं असतं. त्यामुळे एकाच जागी जुना कार्बन सोडायला बघतं आणि नवा घेतं. माणसाच्या कार्बनचं समुद्रातलं जवळपास ४० टक्के शोषण ३० अंश दक्षिणेच्या खाली होतं असं धरतात.

म्हणून दहा-वीस वर्षांचं गणित मांडलं तर मंद प्रवाह फायद्याचा दिसू शकतो. शंभर वर्षांचं मांडलं तर वरचा थर भरत जातो, पाणी तापून थर अजून पक्के होतात, आणि मॉडेल्समध्ये एकूण हिशोब शोषण घटण्याकडेच झुकतो. "प्रवाह मंदावला म्हणजे बरं झालं" असा निष्कर्ष कुणी काढत असेल तर त्याला पुढच्या मीटिंगला सेक्रेटरी करा.

टेकडीवरून

@खारट बापरे, हे खरंच छान उलगडलंत. उपसा आणि बुडी दोन्ही एकाच प्रवाहाची टोकं, नेट फ्लक्स (निव्वळ देवघेव) म्हणजे दोन मोठ्या आकड्यांची वजाबाकी, त्यामुळे कुठलंही एक थोडं हललं तरी उत्तर हलतं, बरोबर ना?

एक खुसपट काढू का. गार पाण्यात गॅस जास्त विरघळतो हे सोड्याच्या बाटलीवरून पण कळतं. मग समुद्र तापतोय हेच मुख्य कारण नाही का, प्रवाहांचं एवढं कौतुक कशाला?

खारट

हो, वजाबाकीच. हवा आणि समुद्रात दर वर्षी दोन्ही बाजूंनी सत्तर-ऐंशी अब्ज टन कार्बनची देवघेव होते आणि माणसाचं निव्वळ त्यात फक्त अडीच-तीन अब्ज टन. (कार्बनचे टन आणि सीओटूचे टन यात गल्लत नको, कार्बनला ३.६७ ने गुणलं की सीओटू. निम्मे वाद इथेच होतात.)

गार पाण्याचं अर्धं खरंय. विरघळतो जास्त, पण आपल्याला हवंय ते हे की हवेत जादा टाकल्यावर पाणी किती जादा घेईल. ते ठरतं पाण्यातल्या कार्बोनेटवर, कारण सीओटू पाण्यात शिरून कार्बोनेटला गाठतो आणि बायकार्बोनेट होऊन बसतो. कार्बोनेट कोमट पाण्यात जास्त असतं. हवेत सीओटू १० टक्के वाढला तर पाण्यातला एकूण कार्बन जेमतेम १ टक्का वाढतो, यालाच रेव्हेल फॅक्टर म्हणतात, रॉजर रेव्हेल आणि हान्स झ्यूस यांचा १९५७ चा पेपर प्रसिद्ध आहे. हा फॅक्टर उष्ण पट्ट्यात ९ च्या आसपास आणि ध्रुवांकडे १३-१५ पर्यंत, आणि जितका कमी तितकं बरं. म्हणजे माणसाचा कार्बन घ्यायला कोमट पाणी लायक पण ते वरच तरंगत राहतं, आणि गार पाणी बुडतं पण त्याची जादा घ्यायची तयारी कमी. अटलांटिकचा प्रवाह काय करतो तर कोमट पट्ट्यात कार्बन भरून घेतलेलं पाणी उत्तरेला नेतो, वाटेत गार करतो आणि बुडवतो. उत्तर अटलांटिकमध्ये साठलेला सगळा कार्बन तिथल्याच हवेतून आलेला नाही, बराचसा दक्षिणेकडून वाहत आलाय. घेतो एकीकडे, साठवतो दुसरीकडे.

आणि जसजसा सीओटू शिरतो तसतसं कार्बोनेट संपत जातं, म्हणजे फॅक्टर वाढत जातो. त्यामुळे प्रवाह आहे तसे राहिले तरी पुढचा घास आधीच्यापेक्षा लहानच. वरच्या पाण्याचा पीएच ८.२ वरून ८.१ वर आलाय, लॉग स्केल असल्यामुळे छोटं दिसतं पण हायड्रोजन आयन पंचवीस ते तीस टक्क्यांनी वाढलेत.

डेकवरचा

शिक्का कसा ओळखतात त्याचं मी सांगतो, पूर्वी गोव्याहून जहाजावर जायचो सॅम्पलिंगला.

शिक्का नसतो. रेणू सारखाच. समुद्राच्या किलोभर पाण्यात एकूण विरघळलेला कार्बन २००० मायक्रोमोलच्या घरात, आणि त्यात माणसाचा वरच्या थरात साधारण ५०-७०, खोलात शून्याकडे. म्हणजे तीन टक्क्यांचा खेळ आणि तो मोजायला पाव टक्क्याची चूकसुद्धा परवडत नाही. म्हणून हात कसा चालतो ते महत्त्वाचं.

गोल चौकटीत चोवीसेक लांबट बाटल्या, मध्ये खारटपणा-तापमान मोजणारं यंत्र, हे सगळं विंचवरून खाली सोडायचं, वर ओढताना ठरलेल्या खोलीवर एकेक बाटली बंद करायची. चार हजार मीटरची एक फेरी दोन-तीन तासांवर जाते. वर आलं की सगळे रबरी नळ्या घेऊन रांगेत, आणि रांगेचा क्रम ठरलेला, भांडण चालत नाही. आधी सीएफसीवाले (हा एक गॅस, त्याचं पुढे सांगतो), कारण बाटली उघडली की हवा शिरते. मग ऑक्सिजन. मग कार्बनवाले आम्ही. मीठ मोजणारे शेवटी, त्यांना घाई नसते आणि चहा त्यांनाच गरम मिळतो. नळी काचेच्या बाटलीच्या तळाला टेकवायची, पाणी हळू सोडायचं, बाटली भरून वरून चांगलं वाहू द्यायचं, बुडबुडा एकसुद्धा नाही. मग थोडं पाणी काढून मर्क्युरिक क्लोराइडचे थेंब, नाहीतर बाटलीतले जंतू प्रयोगशाळेपर्यंत खात-पीत येतात आणि कार्बन बदलतो. काचेच्या बुचाला ग्रीस लावून घट्ट. ग्लोव्ह्ज घालूनच, पारा आहे तो. जहाज डोलत असताना हे करा आणि मग बोला.

मग हिशोब. त्याच पाण्यातला ऑक्सिजन किती संपलाय त्यावरून कुजून आलेला कार्बन काढायचा, क्षारतेवरून (मीठ नव्हे, आम्ल पचवायची पाण्याची ताकद) शंख-शिंपल्यांचा भाग काढायचा, तळाला गेलं तेव्हा हवेशी किती जुळलेलं होतं तो भाग काढायचा. उरलं ते माणसाचं. पाण्याचं वय सीएफसीवरून. हा फ्रिज-एसीतला गॅस, निसर्गात नाहीच, १९३० च्या दशकापासून हवेत वाढत गेला, तेव्हा खोल पाण्यात तो सापडला म्हणजे ते पाणी त्यानंतर कधीतरी वर होतं. १९५०-६० च्या अणुचाचण्यांमधला कार्बन-१४ पण याच कामाचा. माणसाने केलेली दोन मोठी पापं समुद्राचं घड्याळ म्हणून वापरतात.

या पद्धतीने १९९० च्या दशकातली जगभरची जहाजं एकत्र करून क्रिस्टोफर सबाइन आणि मंडळींनी २००४ ला आकडा दिला, १८०० ते १९९४ मध्ये ११८ अब्ज टन कार्बन, पुढे-मागे १९. त्याच रेषांवर जहाजं परत नेऊन निकोलस ग्रुबर वगैरेंनी २०१९ ला पुढचं मांडलं, १९९४ ते २००७ मध्ये अजून ३४ अब्ज टन. दोन्ही वेळेला उत्तर अटलांटिक आणि दक्षिण गोलार्धातला मधला पट्टा ठळक. पण दोन फेऱ्यांच्या मधल्या काळात उत्तर अटलांटिकमध्ये अपेक्षेपेक्षा कमी साठला, आणि त्याचं कारण प्रवाहांतले बदल हेच दिलंय.

कोकणातली

अरबी समुद्राचं कुणी बोललंच नाही म्हणून मी. माहेर गुहागरचं, कामाने पुण्यात.

आपला अरबी समुद्र वर्षाचा हिशोब काढला तर सीओटू घेत नाही, सोडतो. पावसाळ्यात नैर्ऋत्य वारे सोमालिया आणि ओमानच्या किनाऱ्याला समांतर सुटतात आणि तिथे खालचं गार, कार्बनने भरलेलं पाणी वर येतं. केरळकडेही येतं पण कमी. तेच पाणी खतासारखं असल्यामुळे प्लँक्टन (पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव) माजतात, ते थोडा कार्बन परत घेतात, पण एकूणात बाहेर जाणारा जास्त. म्हणजे जो मान्सून आपल्याला खडकवासला भरून देतो तोच तिकडे समुद्राला उच्छ्वास सोडायला लावतो. बंगालच्या उपसागराचं वेगळंच, गंगा-ब्रह्मपुत्रेचं गोडं पाणी आणि पाऊस यांचा हलका थर वर झाकण घालून बसलेला, खालचं वर येत नाही आणि वरचं खाली जात नाही.

आणि हिंदी महासागराला उत्तरेला आशिया आडवा आलाय. अटलांटिक कसा वर आर्क्टिकपर्यंत उघडा आहे, तसं इथे नाही, त्यामुळे थंड होऊन तळाला जाणारं पाणी उत्तरेत तयारच होत नाही. हिंदी महासागरातला माणसाचा कार्बन मुख्यतः दक्षिणेकडे साठलेला, ऑस्ट्रेलिया-मादागास्करच्या पट्ट्यात आणि त्याच्या खाली. आपल्या वाट्याला उपसा.

आगाऊ

मग दक्षिण महासागरात लोखंड टाका ना सरळ. प्लँक्टन वाढवा, कार्बन खाली, काम तमाम. हे ऐकलंय मी कुठेतरी.

डेकवरचा

टाकून झालंय राव. २००९ ला, भारत-जर्मनीचा एकत्र प्रयोग, लोहाफेक्स, नावातच लोह आहे. गोव्याची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आणि जर्मनीची आल्फ्रेड वेगेनर संस्था, जहाज पोलारस्टर्न. साधारण ३०० चौरस किलोमीटरच्या भोवऱ्यात लोखंडाचं क्षार टाकलं, प्लँक्टन वाढलेही, पण त्या पाण्यात सिलिका कमी होती त्यामुळे काचेच्या कवचाचे डायटम, जे जड होऊन बुडतात, ते वाढलेच नाहीत. जे वाढले ते छोट्या कोळंबीसारख्या प्राण्यांनी खाऊन फस्त केले. खाली फारच थोडं गेलं.

आणि समजा गेलं असतं तरी प्रश्न हाच की किती खोल गेलं. ४००-५०० मीटरवर थांबलं तर उपशाच्या भागात काही दशकांत परत वर. तळाला गेलं तर शेकडो वर्षं. ते ठरवणार शेवटी प्रवाहच. सध्या बाजारात समुद्राच्या नावाने जे कार्बन क्रेडिट विकायला निघालेत त्यांना हा एकच प्रश्न विचारावा, खोली किती आणि पाणी परत कधी वर येणार.

अर्धवट_पुणेकर

बरं पण तो अटलांटिकचा प्रवाह खरंच बंद पडतोय का? दर सहा महिन्यांनी बातमी येते.

खारट

थेट मोजमाप २६.५ अंश उत्तरेला २००४ पासून चालू आहे, फ्लोरिडा ते आफ्रिकेच्या किनाऱ्यापर्यंत ठिकठिकाणी तळाला उभे दोर बांधून, त्यांवर यंत्रं लावून. सरासरी सेकंदाला १ कोटी ७० लाख घनमीटरच्या आसपास. पुणेकरांना क्युसेक कळतात म्हणून सांगतो, ६० कोटी क्युसेक. जगातल्या सगळ्या नद्या मिळून याच्या दहाव्या भागापेक्षा कमी. वर्षावर्षाला इतका हलतो की वीस वर्षांच्या नोंदीवरून कल सांगणं अवघड. आयपीसीसीच्या (हवामान बदलावरची संयुक्त राष्ट्रांची समिती) २०२१ च्या अहवालात या शतकात तो मंदावेल हे अत्यंत संभाव्य, आणि २१०० च्या आत एकदम कोसळणार नाही हे मध्यम खात्रीने. मध्यम खात्री हे त्यांच्या भाषेत फार निवांत झोपण्यासारखं नाही, आणि त्यानंतर यावर बरीच वादावादीही झालीये.

दक्षिण महासागराची मला जास्त धास्ती वाटते खरं तर. तिकडे हिवाळ्यात जहाज न्यायला कुणी तयार नसतं, त्यामुळे वर्षानुवर्षं उन्हाळ्याच्या नोंदींवर सगळं चाललं होतं. २०१४ पासून पीएच मोजणारे तरंगते फ्लोट सोडले, ते दर दहा दिवसांनी २००० मीटरवरून वर येतात आणि उपग्रहाला आकडे देतात. त्यांच्या पहिल्या हिशोबात हिवाळ्यात अंटार्क्टिकाजवळून जुना सीओटू आधी वाटत होता त्यापेक्षा बराच जास्त बाहेर पडताना दिसला. त्यावर विमानातून केलेल्या मोजणीवाल्यांनी हरकत घेतली. अजून भिजत घोंगडं आहे.

टेकडीवरून

@डेकवरचा एक शंका राहिली. सीएफसीवर तर माँट्रियल करारापासून बंदी आली, हवेतलं प्रमाण आता उतरतंय. मग एकाच आकड्याला दोन वर्षं येतील ना, चढतानाचं एक आणि उतरतानाचं एक? घड्याळ बोंबललं की.

डेकवरचा

बरोबर पकडलंत. सीएफसी-११ हवेत १९९० च्या दशकाच्या मध्याला शिखरावर होता, सीएफसी-१२ त्यानंतर काही वर्षांनी. त्यामुळे अलीकडे बुडालेल्या पाण्याला ते एकटे चालत नाहीत. आता जोडीला सल्फर हेक्साफ्लोराइड मोजतात, तो अजून सरळ चढतोच आहे. जीआयएस (गॅस भरलेल्या) वीज सबस्टेशनच्या स्विचगिअरमध्ये भरतात तो गॅस, तुम्ही मेकॅनिकलवाले असलात तरी एखाद्या इलेक्ट्रिकलवाल्याला विचारा, त्याने सिलिंडर बघितलेला असेल. प्रमाण इतकं सूक्ष्म असतं की सीएफसी त्याच्यापुढे भरपूर वाटतो, म्हणून सॅम्पलही मोठं घ्यावं लागतं आणि रांगेत पहिला नंबर आता त्याचाही.